लेखनिक चुकला म्हणून कळलं

सराफ कमरेच्या कशातून शिशाचं नाणं काढतो आणि तुमच्या तळहातावर ठेवतो. आकाराच्या मानानं जड, आणि त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट. एका बाजूला धनुष्य आणि त्यावर चढवलेला बाण, दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेल्या कमानी आणि झाड. धनुष्याभोवती गोल फिरलेली ब्राह्मी अक्षरं. इसवी सनाचं दुसरं शतक चालू आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठच्या ज्या टेकाडाला पुढं ब्रह्मपुरी म्हणतील तिथं, भाजक्या विटांच्या घरांमध्ये तुम्ही उभे आहात. राजाचा वाडा बघायचा नाही, बाजारातली किंमत विचारायची नाही. तुम्ही इथं फक्त ऐकायला आलाय.

नाण्यावर लिहिलंय: रञो वासिठीपुतस विळिवायकुरस. वासिठीचा मुलगा विळिवायकुर, त्या राजाचं हे नाणं. ब्राह्मी तुम्ही शिकून आलाय, त्यामुळं मनातल्या मनात वाचून मोकळे होता. पण सराफ वाचतो तेव्हा कानावर येतं ते निराळंच. रञ्ञो. वासिट्ठीपुत्तस्स. विळिवायकुरस्स. जिथं अक्षर एक आहे तिथं त्याची जीभ थबकते, दाबते आणि मग सोडते. जोड लिहून दाखवायची चाल या ब्राह्मीत नाही. वाचणाऱ्यानं तो पदरचा घालायचा. सराफाला ते कुणी शिकवलेलं नाही. त्याच्या घरात सगळे असंच बोलतात.

ही थबक नीट ऐकून ठेवा, कारण पुढच्या हजारभर वर्षांत ती जाणार आहे. जाताना ती भरपाई करून जाते. जोड सुटला की त्याच्या अलीकडचा स्वर लांबतो. पुत्तचा पूत झाला, सत्तचे सात, अट्ठचे आठ, हत्थचा हात, कम्मचं काम. पंजाब्यांनी जोड सोडलाच नाही. अमृतसरच्या बाजारात आजही सत्त, अट्ठ आणि हत्थच ऐकू येतं. शेवटचा तो ‘स्स’ही वाया गेला नाही. आपण जुन्या वळणानं ‘रामास’, ‘त्यास’ म्हणतो त्यातला स याच्याच वंशातला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात.

सराफाला विळिवायकुर पुन्हा म्हणायला लावा. ळ आला की त्याच्या जिभेचं टोक वर वळतं, टाळूला टेकतं आणि पुढं झटकन सुटतं. हा आवाज ऋग्वेदाच्या पठणात आहे, पण पुढच्या शिष्ट संस्कृतात त्याला जागा मिळाली नाही. इथं तो थेट राजाच्या नावात बसलाय आणि नाण्यावर ठोकला गेलाय. नाव मुळात कुठल्या भाषेतलं यावर वाद आहे आणि ते द्रविड वळणाचं आहे म्हणणाऱ्यांची बाजू मला वजनदार वाटते. ते काही असो, कोल्हापूरच्या मातीत ळ किमान अठराशे वर्षं जुना आहे, आणि तो आपण कुणाकडून उसना आणला की घरचाच होता हे विचारायला बोलणारा कुणी थांबलेला नाही.

पलीकडच्या घरात कुणीतरी काशाची एक लहान मूर्ती पुसतंय. तो ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, जहाजानं आलेला. त्याच वाटेनं इथली नावं उलट दिशेला जातात. इ.स. १५०च्या सुमाराला अलेक्झांड्रियात टॉलेमी भूगोल लिहितो, त्यात दख्खनच्या हिप्पोकूरा शहराचा राजा बालेओकूरोस म्हणून नोंदतो. रा. गो. भांडारकरांनी तो आपला विळिवायकुरच असं सांगितलं. ळचा ल झाला हे समजण्यासारखं आहे, ग्रीक जिभेला तो जमणारच नव्हता. वचा ब मात्र वाटतो तितका चुकलेला नाही. ग्रीकांचं बीटा हे अक्षर त्याच शतकांत ब सोडून वकडे सरकत होतं. म्हणजे खलाशानं बरोबर ऐकलं, टॉलेमीनं बरोबर लिहिलं, आणि बीटाला सरसकट ब वाचून चुकलो ते आपण.

आता हजार वर्षं पुढं या. नदीकाठ सोडून महालक्ष्मीच्या देवळाकडे चला. बारावं शतक, राज्य शिलाहारांचं. गाभाऱ्यातून संस्कृत येतं ते तुमच्या ओळखीचं. आवारात, ओवऱ्यांत, तेलाच्या दुकानापाशी जे बोललं जातंय त्यात मात्र कन्नड भरपूर आहे. आजच्या काही कोल्हापूरकरांना हे ऐकायला आवडत नाही, पण दगड कुणाची आवडनिवड बघत नाही. शिलाहारांचे इथले लेख संस्कृतात आहेत आणि कन्नडात आहेत. १९३९ साली ते गोळा करून छापले राजाराम कॉलेजातल्या के. जी. कुंदणगार यांनी, आणि ते शिकवत होते कन्नडच.

एका म्हाताऱ्यापाशी उभे राहा. त्याला दूध हवंय. तो म्हणतो ‘पालु’. त्याचा नातू त्याच गवळ्याला म्हणतो ‘हालु’. दोघांचं बरोबर आहे. कन्नडातल्या शब्दांच्या तोंडचा प या काही शतकांत ह होत चाललाय. पोगुचं होगु झालं, पूचं हू झालं. घरात आजोबा आणि नातू दोन वेगवेगळ्या शतकांचं बोलतायत आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

म्हाताऱ्याच्या तोंडात आणखी एक आवाज सापडेल, लच्या आणि ळच्या पलीकडचा तिसरा. तमिळ माणूस आपल्या भाषेचं नाव घेताना शेवटी जो आवाज काढतो तोच. कन्नडात त्यासाठी स्वतंत्र अक्षर होतं. ते अक्षर कधी मेलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. तरी आपल्याला कळतं, कारण पाथरवटांना अक्षर लिहून देणारे लेखनिक गोंधळायला लागले. एका लेखात ते अक्षर, दुसऱ्यात त्याच शब्दाला ळ, तिसरीकडे र. कान फरक करीनासा झाला की हात चुकतो. शुद्ध लिहिणारा लेखनिक भाषेबद्दल काहीच सांगत नाही. आपल्या कामाचा तो नव्हे, चुकणारा.

काही वेळा लेखनिक मुद्दाम चुकतो. शिलाहार भोज राजाचा किल्ला समोर दिसतोय, लोक त्याला पन्नाले असं काहीसं म्हणतायत. संस्कृत लेख लिहिणाऱ्या पंडिताला ते गावंढळ वाटतं. मग तो कुठं प्रणालक लिहितो, कुठं पद्मनाल. दोन्ही नावं भारदस्त आहेत. पण पायथ्याच्या गावातल्या माणसानं त्यातलं काही ऐकलं नाही, त्याच्या पोराबाळांनी न आणि ह एका श्वासात म्हणून पन्हाळाच केला.

आणि मराठी? ती आहे, पण दगडावर यायला तिला अजून फारशी कुणी जागा देत नाही. इथले जैन यात्रेकरू दक्षिणेला श्रवणबेळगोळला जातात, तिथं गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ ओळींसोबत मराठी ओळ आहे. त्यात ‘करवियलें’ असं क्रियापद येतं. यात्रेकरूला ते मोठ्यानं म्हणायला सांगा. शेवटचा लें तो नाकातून म्हणतो, पुरा, गुंजारवासकट. डोक्यावरचं ते टिंब त्याच्यासाठी शोभेचं नाही.

पुढचा मुक्काम आजरा. तिथं जायचं तर पावसाळा टाळा, नाहीतर पावसाखेरीज काही ऐकू येणार नाही. शके ११२७, म्हणजे इ.स. १२०५. शिलाहार राजा गंडरादित्यानं बांधलेल्या त्रिभुवनतिलक नावाच्या जिनालयात सोमदेव बसलेत आणि शब्दार्णवचंद्रिका लिहीत आहेत. जैनेंद्र व्याकरणावरची ही टीका, आणि लेखक लिहिताना गावाचं नाव, देवळाचं नाव, राजाचं नाव, शक सगळं नोंदवतो. असा शहाणा माणूस विरळा. गावाचं नाव तो अर्जुरिका लिहितो.

त्यांच्या शिष्यांजवळ बसा. कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ. कुठल्या वर्णाला जीभ कुठं लागते हे पोरं घोकतायत. जगात त्या वेळी आवाजाचा इतका बारीक हिशोब दुसरीकडे क्वचितच चालला असेल. पण हा सगळा हिशोब संस्कृतचा. पाण्याची घागर घेऊन आलेला गडी बाहेर कुणाला तरी सांगतोय की देवळातला ‘देवु’ असा आहे आणि त्याचा ‘घरु’ तसा आहे. शब्दाच्या शेवटचा तो उ अगदी तोकडा, पण स्पष्ट आहे. यादवांच्या काळच्या मराठी लेखांत तो दिसतो, पुढं देशावर तो गळून गेला आणि देव, घर उरलं. घाटाखाली आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सारस्वतांच्या कोंकणीत ‘देवु’ अजून शाबूत आहे. सोमदेव गड्याकडे बघतही नाहीत. त्यांच्या व्याकरणात गड्याला जागा नाही. हिशोब करणारे आत बसलेत, आणि ज्याचा हिशोब आपल्याला हवाय तो घागर घेऊन बाहेर.

ज्या देशाला व्याकरणकारच मिळाला नाही तिथं काय होतं हे बघायचं असेल तर एक लांब उडी मारा. पश्चिमेला, इराणात. सतराशे वर्षं मागं.

इ.स.पू. ५०० आहे, दारियुशचं राज्य. पर्सेपोलिसच्या कचेरीत एक लेखनिक ओल्या मातीच्या वडीवर बोरू टोचतोय. कुणाला किती धान्य दिलं, किती मद्य दिलं, याचा हिशोब. मालक फारसी बोलतात, हिशोब मात्र एलामी भाषेत. ही भाषा इथं सुसा आणि अनशानच्या मुलखात कमीत कमी अठराशे वर्षं चालत आलीय. अभ्यासक तिचे चार टप्पे करतात: जुनी, मधली, नवी आणि ही शेवटची हखामनी राजांच्या कचेरीतली. मधल्या टप्प्यातल्या उंताश-नपिरिशा राजानं चोघा झंबीलचं मोठं देवस्थान बांधलं, तिथल्या विटांवर तिच्या ओळीच्या ओळी छापल्यायत. आणि एवढं सगळं लिहिलेलं असून तिचा आवाज कसा होता हे नेमकं सांगता येत नाही. तिला नातेवाईक नाहीत. डेव्हिड मॅकॅल्पिन यांनी तिचं नातं द्रविड भाषांशी जोडायचा प्रयत्न केला, म्हणजे आपल्या सराफाच्या शेजाऱ्यांशीच म्हणा, पण ते बहुतेकांना पटलेलं नाही.

लेखनिकाच्या खांद्यावरून बघा. लिपी त्याची नाही, शेजारच्या मेसोपोटेमियातून आलेली. त्या लिपीत प वेगळा, ब वेगळा. याला दोन्ही सारखेच. आज एका शब्दाला बचं चिन्ह टोचतो, उद्या त्याच शब्दाला पचं. म्हणजे त्याच्या भाषेत हा भेद आपल्यासारखा नव्हता. पण शब्दाच्या मधोमध तो काही व्यंजनं दोनदा लिहितो आणि काही एकदाच, आणि ते बऱ्यापैकी नेमानं. काही अभ्यासकांच्या मते कडक आणि मऊ व्यंजनांतला फरक दाखवायची ही त्याची युक्ती. ब्रह्मपुरीत तोंडात दोन आणि अक्षरात एक होतं. इथं अक्षरात दोन आहेत आणि तोंडात काय होतं त्याचा तर्क करायचा. ह तो कधी लिहितो, कधी विसरतो. जुन्या लेखांत शब्दांच्या शेवटी असलेले स्वर आता डळमळतायत. आजऱ्याच्या गड्याच्या उसारखंच यांचंही चाललंय.

मोठा पुरावा परक्या नावांचा. फारसी दारयवउश हे नाव तो दारियामाउइश असं लिहितो, विश्तास्पचा मिश्दाश्पा करतो. वच्या जागी म. हे त्याला नीट ऐकू येत नव्हतं असं नाही, त्याच्या लिपीच्या वापरात वसाठी मचीच चिन्हं उरली होती. अशी नावं बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत शेजारी शेजारी कोरली म्हणून एकोणिसाव्या शतकात ही लिपी थोडीफार बोलती झाली. तेवढंच. लेखनिकाला तुम्ही विचारू शकता, पण त्याचं उत्तर पडताळून बघायला आज त्या भाषेत बोलणारं एकही तोंड नाही. आपल्याकडे पडताळणीला पन्हाळ्याच्या पायथ्याची माणसं आहेत. एवढा फरक लक्षात ठेवून परत फिरा.

पन्हाळा, अठराव्या शतकाचं दुसरं दशक. करवीरच्या संभाजीराजांचं राज्य, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं तो काळ. दफ्तरात बसकण मारून कारकून मोडी लिहितोय. बोरू कागदावरून उचलायचा नाही, ओळ आधी ओढायची आणि अक्षरं तिला लटकवत जायचं. हाताला वेग येतो, पण कानाचं नुकसान होतं. ऱ्हस्व-दीर्घ मोडी पाळत नाही. इकार एकच, उकार एकच. शेकडो वर्षांच्या कागदांत मराठी माणूस कुठला स्वर लांबवत होता ते या एका सोयीपायी पुसलं गेलंय. शाळेत वेलांटीसाठी मार खाल्लेल्या कुणालाही या कारकुनाचा हेवा वाटेल.

तो बोलतोय ते ऐका. हजार, बाजार, जमीन, रोज. फारसीतून आलेले शब्द, त्यातला ज मुळात दातांमागून घासत निघणारा. उत्तरेत पुष्कळ ठिकाणी लोकांनी त्याचा साधा तालव्य ज करून टाकला. मराठीला त्रास झाला नाही, कारण तिच्याकडे तसला ज घरचाच होता. चार म्हणताना च एक, चारा म्हणताना दुसरा. ‘हे जग’ यातला ज एक, आणि ‘तू जग’ यातला दुसरा. लिपीत दोघांना एकच अक्षर. तेलुगूतही अशीच वाटणी आहे, त्यामुळं ही सवय दख्खनच्या शेजारपणातून आली असावी असा तर्क केला जातो. परदेशी पाहुणा आला आणि त्याच्या मापाची खोली घरात आधीच रिकामी निघाली.

आता कारकुनाच्या कागदावर बोट ठेवा. ‘येक’. खाली पुन्हा ‘येक’. जुन्या मराठी पोथ्यांत आणि कागदांत हे सर्रास आहे. येक, वोळख, वोढा. शब्दाच्या तोंडी ए आला की त्याच्या अलीकडे य उगवतो, ओ आला की व. कन्नडातही नेमकं हेच घडतं. लिहायचं ‘एल्ली’ आणि म्हणायचं ‘यल्ली’, लिहायचं ‘ओंदु’ आणि म्हणायचं ‘वंदु’. म्हणजे ‘येक’ म्हणणारा माणूस अडाणी नव्हता. तो राजाच्या दफ्तरात बसून लिहीत होता, आणि बोलत होता तसं लिहीत होता.

एकोणिसावं शतक भरभर ओलांडू. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ सालचं, मोल्सवर्थचा कोश त्याआधी पाच वर्षं. छापखाना आला, शाळा आल्या, मोडी मागं पडली आणि बाळबोध पुढं झाली. पुण्या-मुंबईच्या एका थरातल्या माणसांची जीभ पुस्तकात गेली आणि ‘येक’ चुकीचा ठरला. एवढाच त्या शतकाचा आपल्यापुरता जमाखर्च.

राजाराम कॉलेजात मात्र थांबायलाच हवं. १९३० साली इथं आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये अर्धमागधी शिकवायला आले आणि १९६२पर्यंत शिकवत राहिले. मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्ही कानांनी ऐकणारे. त्यांच्या टेबलावर डोकावा. उद्योतनसूरींची कुवलयमाला, जालोरला इ.स. ७७९मध्ये पुरी झालेली प्राकृत कथा. एक पुण्यातली कागदी पोथी, दुसरी जैसलमेरच्या ताडपत्रांची, आणि दोन्हींत पाठभेद. त्या कथेत एका बाजारात ठिकठिकाणचे व्यापारी येतात आणि लेखक प्रत्येकाच्या बोलण्याची लकब टिपतो. त्यात मरहट्टेही आहेत, आणि त्यांच्या तोंडी त्यानं दिलेल्या शब्दांना शेवटी ल आहे. दिलं, घेतलं, गेलं, आलं यातला ल. आजऱ्याच्या सोमदेवांच्या चारशे वर्षं आधी राजस्थानात बसलेल्या एका माणसाला मराठी माणसाची खूण म्हणून ऐकू आला तो हा आवाज. नक्कल करणारा नेमकं तेच उचलतो जे परक्याच्या कानाला टोचतं, म्हणून अशा नकलेवर माझा शुद्धलेखनापेक्षा जास्त विश्वास आहे.

उपाध्यांनी पाठभेदांची तपासणी करून या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, पहिला भाग १९५९ला. त्या पाठभेदांत हळूच शिरलेला य सापडतो. दोन स्वरांमधलं व्यंजन गळालं की जैन लेखनिक तिथं हलकासा य लिहितात. नगरचं णयर होतं. तेच पुढं अमळनेर, संगमनेर, पिंपळनेर यांच्या शेपटात येऊन बसलं.

१९३२. याच गावात प्रभात फिल्म कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ तयार केला, व्ही. शांताराम दिग्दर्शक, पडद्यावर गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे. मराठी बोलपट म्हणून नाव झालेला हा पहिला. स्टुडिओच्या कोपऱ्यात श्वास रोखून उभे राहा. पार्श्वगायन अजून आलेलं नाही, चित्र आणि आवाज बरोबरीनं घ्यायचे. आतापर्यंत तुम्ही जे ऐकलंत ते नाण्यावरून, दगडावरून, पोथीवरून ताडलेलं होतं. इथून पुढं आवाज स्वतःच साठवला जातोय. पण यंत्र कोल्हापुरात असलं तरी त्यापुढं उभा राहिलेला आवाज पौराणिक नाटकाच्या वळणाचा आहे. फाटकाबाहेर टांगा घेऊन उभा असलेला माणूस कसा बोलतो ते त्या यंत्रानं टिपलं नाही. सोमदेवांनी घागरवाल्याला बाहेर ठेवलं, बोलपटानं टांगेवाल्याला.

त्याला आत आणलं ते कथा-कादंबऱ्यांनी. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, कागलचे आनंद यादव. यादवांची ‘गोतावळा’ १९७१ची, आणि ती सबंध बोलीत आहे. नागर वाचकाला पहिली पंधरा-वीस पानं अडखळायला होतं, मग कान बसतो.

शेवटचा मुक्काम गंगावेस, आजची संध्याकाळ. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत, समोर धार काढून देतायत.

“काय पाव्हनं, दूध घेनार न्हवं?”

“द्या की एक ग्लास.”

“येक? येकानं काय हुतंय? जरा थांबा, ह्या म्हशीची धार काढालोय. निरसं हाय, फ्येस बघा कसा आलाय.”

पेला तोंडाला लावण्याआधी या वाक्यांची झडती घ्या. ‘येक’ पन्हाळ्याच्या दफ्तरातलाच. ‘फ्येस’मध्येही तोच य, आता शब्दाच्या पोटात शिरलेला. त्याचाच जोडीदार व ‘घ्वाडा’ आणि ‘त्वांड’मध्ये भेटतो. ‘घेनार’मध्ये ण नाही. पानी, लोनी, कोन, सगळीकडे न. ळला मात्र धक्का लागलेला नाही. वेळेची ‘येळ’ झाली, आळस ‘आळस’च राहिला, ळ जागच्या जागी. ण सोडला आणि ळ राखला, ही निवड सगळ्यांची नाही. हिंदीनं बोलण्यात ळ कधीच टाकला. नाकातला तो लें गेला, १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी त्याचं टिंबही काढून टाकलं, आणि ते बरोबरच झालं, कारण देशावरच्या तोंडांतून तो आवाज आधीच गेला होता. कोकणात उतरलात तर तो अजून भेटतो.

शाळेत पोराला ‘येक नव्हे, एक’ म्हणून सांगणं गैर नाही, परीक्षेत गुण त्याचेच आहेत. पण त्याच्या बोलण्याला अशुद्ध म्हणू नये. ‘येक’ला तीनशे वर्षांचा लेखी पुरावा आहे आणि एवढा पुरावा असलेली गोष्ट चूक नसते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजानं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवलंय आणि ते कुणालाही फुकट ऐकता येतं. तुमच्या भागातली माणसं त्यात कशी बोलतात ते ऐका. तुमच्या गल्लीतला एखादा उच्चार त्यात सापडला नाही तर तो बोलणाऱ्या माणसापाशी बसा, त्याला विचारून मोबाइलवर उतरवून घ्या, आणि तारीख व गावाचं नाव सोमदेवांसारखं न विसरता लिहा.